घराला चाकं, जमिनीला मालक

अमेरिकेतल्या हमरस्त्यावर अधूनमधून एक आगळी वरात दिसते. पुढे पिवळे दिवे लुकलुकवत जाणारी एक छोटी गाडी, तिच्यामागे दणकट ट्रक आणि ट्रकला जोडलेलं अर्धं घर. भिंती, खिडक्या, छप्पर, आतलं स्वयंपाकघर, न्हाणीघर, सगळं जागच्या जागी बसवलेलं असतं. एक बाजू मात्र प्लास्टिकच्या जाड कापडाने बंद केलेली असते, कारण त्या बाजूला जोडायचा दुसरा अर्धा भाग मागच्या ट्रकवर असतो. ठरलेल्या जागी पोचल्यावर दोन्ही भाग एकमेकांना भिडवतात, वीज, पाणी आणि सांडपाण्याच्या जोडण्या होतात आणि लवकरच तिथे एखादं कुटुंब राहायला येतं.

अशा घरांत आज सुमारे दोन कोटी अमेरिकन राहतात. जमिनीची किंमत बाजूला ठेवली, तर जागेवर बांधलेल्या घरापेक्षा या घराचा दर चौरस फुटाचा खर्च जवळपास निम्मा येतो. २०२२ साली अशा नव्या घराची सरासरी किंमत सव्वा लाख डॉलरच्या आसपास होती. ज्या देशात सामान्य नोकरदाराला घर घेणं दरवर्षी अधिक अवघड होत चाललं आहे, तिथे हा आकडा फार मोठा दिलासा आहे. म्हणूनच बरीच वर्षं मंदीत असलेल्या या उद्योगाने २०२१ आणि २०२२ या दोन्ही वर्षांत पुन्हा एक लाखाहून अधिक घरं विकली. ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमध्येही ट्रकवरून येणाऱ्या घरांना मागणी आहे. आपल्याकडे कंटेनरची घरं आणि पोर्टा केबिन यांच्या जाहिराती सर्रास दिसू लागल्या आहेत.

स्वस्त घराचा प्रश्न कारखान्याने सोडवला, असं यावरून वाटेल. अमेरिकेचा अनुभव नीट पाहिला तर चित्र वेगळं दिसतं. घर स्वस्तात बनवण्याची विद्या तिथे पन्नास वर्षांपूर्वीच पक्की झाली. अडलं ते घराखालच्या जमिनीपाशी, आणि आजही तिथेच अडतं आहे.

छपराखाली बनणारं घर

या घरांचा स्वस्तपणा मुख्यतः कामाच्या पद्धतीतून येतो. घराचा पाया म्हणजे पोलादी सांगाडा, खाली चाकं आणि पुढे ओढण्यासाठी हूक. त्यावर आधी जमिनीची लाकडी चौकट बसते. पाण्याचे नळ, हवेच्या वाहिन्या, उष्णतारोधक थर हे सारं त्याच वेळी खालून घातलं जातं. भिंती बाजूच्या टेबलांवर आडव्या तयार होतात आणि मग उभ्या केल्या जातात. छप्पर वेगळ्या फलाटावर बनतं आणि क्रेनने उचलून वर ठेवलं जातं. घर एका टप्प्यावरून दुसऱ्या टप्प्यावर सरकत जातं आणि प्रत्येक टप्प्यावर ठरलेली माणसं ठरलेलं काम करतात.

याचे फायदे बांधकामाच्या जागेवर घाम गाळलेल्या कुणालाही लगेच कळतील. पाऊस आला म्हणून काम थांबत नाही, लाकूड भिजत नाही. इलेक्ट्रिशियन आज आला नाही म्हणून गवंडी बसून राहत नाही. सामान घाऊक भावाने येतं आणि एकाच मापात कापलं जात असल्याने वायाही कमी जातं. शिवाय कारखान्यात घर तयार होत असतानाच तिकडे जागेवर सपाटीकरण, काँक्रीट आणि नळजोडणी चालू ठेवता येते. महिनोन्‌महिने चालणारं काम काही आठवड्यांत आटोपतं. ज्याच्या डोक्यावर चालू घराचं भाडं आणि नव्या घराचं व्याज एकाच वेळी असतं, त्याला या वाचलेल्या महिन्यांची किंमत ठाऊक असते.

मर्यादा रस्ता ठरवतो. ट्रकवरून नेता येईल तेवढीच रुंदी आणि पुलाखालून जाईल तेवढीच उंची. त्यामुळे एका तुकड्याचं घर साधारण १४ ते १८ फूट रुंद आणि ६० ते ८० फूट लांब असतं. हे ऐकायला बोळासारखं वाटतं, पण १६ बाय ७५ फुटांचं घर म्हणजे १,२०० चौरस फूट जागा. मुंबई-पुण्यातल्या दोन बेडरूमच्या बहुतेक फ्लॅटपेक्षा ऐसपैस. त्याहून मोठं हवं असेल तर दोन किंवा तीन तुकडे जोडायचे. जागेवर आल्यावर घर काँक्रीटच्या ठोकळ्यांवर किंवा पायावर टेकवतात, पोलादी पट्ट्या आणि नांगरांनी जमिनीला बांधतात आणि खालची मोकळी जागा सभोवार पत्र्याने झाकून टाकतात.

सहलीच्या गाडीतून संसारात

या घरांची सुरुवात सहलीच्या गाड्यांतून झाली. १९२० आणि १९३० च्या दशकांत मोटारीमागे जोडायच्या झोपण्याच्या गाड्या लोकप्रिय झाल्या. दुसऱ्या महायुद्धात शस्त्रास्त्रांच्या कारखान्यांभोवती कामगारांची एवढी गर्दी झाली, की सरकारनेच अशा हजारो गाड्या घेऊन त्यांच्या वसाहती उभ्या केल्या. युद्ध संपल्यावर परतलेल्या सैनिकांनाही घरं मिळेनात. जी गाडी सुट्टीच्या चार दिवसांसाठी होती, तिच्यात लोकांनी संसार मांडले.

त्या गाड्या जेमतेम आठ फूट रुंद होत्या. १९५४ च्या सुमारास विस्कॉन्सिन राज्यातल्या एल्मर फ्रे या उत्पादकाने दहा फूट रुंदीचं घर बाजारात आणलं. हे घर कुटुंबाच्या मोटारीमागे बांधून नेता येणारं नव्हतं. त्याला खास परवाना आणि मोठा ट्रक लागे. वर्षातून एकदा हलेल किंवा न हलेल, पण आत बाजूने ये-जा करण्यापुरता पॅसेज असेल आणि खोल्यांना दारं असतील, अशी ही रचना होती. इथून ही वास्तू वाहनापासून दूर आणि घराच्या जवळ सरकत गेली. १९६९ पासून सरकारने या घरांच्या कर्जांना विमा द्यायला सुरुवात केली. १९७२ साली विक्री पावणेसहा लाखांच्या घरात पोचली. त्या वर्षी अमेरिकेत उभ्या राहिलेल्या नव्या स्वतंत्र घरांपैकी जवळपास तिसरा हिस्सा अशा घरांचा होता.

विक्री वाढली तशा तक्रारीही वाढल्या. पातळ भिंती, आगीत मिनिटांत पेटणारं लाकूडकाम, वादळात उडणारी छपरं. प्रत्येक राज्याचे नियम निराळे, काही ठिकाणी तर नावापुरतेच. १९७४ मध्ये अमेरिकी काँग्रेसने कायदा केला आणि १५ जून १९७६ पासून साऱ्या देशासाठी बांधकामाची एकच संहिता लागू झाली. घराची मजबुती, आगीपासून संरक्षण, वीज आणि पाण्याची व्यवस्था, उष्णतारोधन या सगळ्यांचे निकष ठरले आणि तपासणी कारखान्यातच होऊ लागली. तपासणीत उतरलेल्या प्रत्येक तुकड्यावर बाहेरच्या बाजूला धातूची लाल पट्टी ठोकलेली असते. अमेरिकेत जुनं घर घेणारा जाणकार आधी ती पट्टी शोधतो.

पुढचा धडा वादळाने दिला. ऑगस्ट १९९२ मध्ये ॲन्ड्र्यू चक्रीवादळाने फ्लोरिडाच्या दक्षिण टोकाला अशा वसाहतीच्या वसाहती जमीनदोस्त केल्या. त्यानंतर १९९४ मध्ये वाऱ्याच्या वेगानुसार देशाचे विभाग पाडून किनारपट्टीसाठी जास्त कडक नियम आले. नव्या नियमांनुसार बनलेली आणि नीट बांधलेली घरं वादळांत पुष्कळच टिकाव धरतात. तरीही चक्रीवात (टोर्नेडो) येत असेल तर अशा घरातून बाहेर पडून पक्क्या आसऱ्याला जावं, असाच सल्ला तिथलं हवामान खातं आजही देतं. हलक्या घराची ही मर्यादा आहे आणि ती घेणाऱ्याला माहीत असायलाच हवी.

घर आपलं, जागा दुसऱ्याची

आता कळीचा मुद्दा. हे घर ठेवायचं कुठे?

ज्याची स्वतःची जमीन आहे त्याला चिंता नाही. तो घर आणून पायावर बसवतो, जमीन आणि घर एकत्र तारण ठेवून नेहमीसारखं गृहकर्ज घेतो. अशा घरांची किंमत पुढे कशी बदलते याचा निर्देशांक अमेरिकेची गृहवित्त नियामक संस्था २०१८ पासून प्रसिद्ध करते. जमिनीसह तारण असलेल्या या घरांची किंमत जागेवर बांधलेल्या घरांच्या जवळपास त्याच वेगाने वाढते, असं त्यातून दिसतं. कारखान्यातलं घर म्हणजे दरवर्षी किंमत घटणारी वस्तू, हा जुना समज त्यामुळे मागे पडला.

पण लाखो कुटुंबांकडे जमीन नाही. ती आपलं घर एखाद्या ‘पार्क’मध्ये ठेवतात. पार्क म्हणजे एका मालकाची मोठी जमीन. तीत आखलेले प्लॉट, अंतर्गत रस्ते, पाण्याची आणि सांडपाण्याची व्यवस्था. घर कुटुंबाचं, प्लॉट भाड्याचा. कायदाही मग या घराला घर मानायला कचरतो. अनेक राज्यांत त्याची नोंद मोटारीसारखी होते आणि कर्जही मोटारीच्या कर्जासारखंच मिळतं, म्हणजे जास्त व्याजाने आणि कमी मुदतीचं. २०१९ सालच्या कर्जांचा अभ्यास करून तिथल्या ग्राहक वित्त संरक्षण विभागाने दाखवलं, की ही घरं घेण्यासाठी काढलेल्या कर्जांपैकी सुमारे चाळीस टक्के अशा स्वरूपाची होती. १९९० च्या दशकात अशी कर्जं हात सैल सोडून वाटली गेली. १९९८ मध्ये विक्री पावणेचार लाखांच्या जवळ गेली. मग हप्ते थकले, घरं जप्त झाली, आणि २००९ मध्ये विक्री पन्नास हजारांवर घसरली.

भाड्याचा प्रश्न याहून खोल आहे. घराला चाकं असतात खरी, पण एकदा बसलेलं घर बहुधा पुन्हा हलत नाही. मोठं घर हलवायला हजारो डॉलर लागतात. जुनं घर प्रवासात मोडतं आणि दुसऱ्या पार्कचा मालक ते घ्यायलाही तयार नसतो. त्यामुळे प्लॉटचं भाडं वाढलं, की कुटुंबापुढे दोनच वाटा उरतात: वाढीव भाडं भरायचं किंवा आयुष्याच्या कमाईचं घर पडत्या भावाने विकून निघून जायचं.

दुसरीकडे, नवे पार्क होऊ द्यायला बहुतेक शहरं राजी नसतात. शेजारी अशी वस्ती आली तर आपल्या घरांच्या किमती पडतील, या भीतीने स्थानिक नियमांतच या घरांना मज्जाव केलेला असतो. मागणी वाढती, जागा मोजकी आणि भाडेकरू निघून जाऊ शकत नाही. गुंतवणूकदारांना हे गणित लवकर उमगलं. गेल्या दोन-तीन दशकांत मोठमोठ्या कंपन्यांनी आणि गुंतवणूक निधींनी देशभरातले पार्क विकत घेतले. सिंगापूर सरकारच्या गुंतवणूक संस्थेनेही २०१६ मध्ये अशा एका मोठ्या साखळीत बहुमताचा हिस्सा घेतला. ज्या पार्कात वर्षानुवर्षं एकाच कुटुंबाची मालकी होती आणि भाडं सावकाश वाढत होतं, तिथे मालक बदलल्यावर भाडंही बदलू लागलं. पेन्शनवर जगणाऱ्या वृद्धांना याचा सर्वांत मोठा फटका बसतो, कारण त्यांचं उत्पन्न वाढत नाही आणि त्यांना हलताही येत नाही.

जमिनीचा प्रश्न आधी सुटला तर काय होतं, हे ब्रिटनने दुसऱ्या महायुद्धानंतर दाखवलं. १९४४ च्या कायद्याखाली तिथे पुढच्या काही वर्षांत १,५६,६२३ कारखानानिर्मित घरं उभी राहिली. त्यांतली ॲल्युमिनियमची बंगली विमानांच्या कारखान्यांत बनायची आणि चार तुकड्यांत ट्रकवरून यायची. ही घरं बनवायला स्वस्त नव्हती, पण भराभर होत होती. आणि जागा नगरपालिकांनी दिली होती, भाडंही त्याच ठरवत. दहा-पंधरा वर्षांसाठी म्हणून उभारलेल्या त्या घरांत कितीतरी कुटुंबं अनेक दशकं सुखाने राहिली. ती टिकली याचं श्रेय ॲल्युमिनियमपेक्षा पायाखालच्या स्थिर जागेला जास्त आहे.

तेरा कुटुंबांनी काढलेली वाट

अमेरिकेतही यावर एक उत्तर सापडलं आहे आणि ते महाराष्ट्राला जवळचं वाटावं असं आहे. १९८४ साली न्यू हॅम्पशायर राज्यातल्या मेरेडिथ गावी एक छोटा पार्क विक्रीला निघाला. तिथल्या तेरा कुटुंबांनी एकत्र येऊन सहकारी संस्था स्थापली, राज्यातल्या एका सामुदायिक कर्जनिधीकडून कर्ज घेतलं आणि आपल्या पायाखालची जमीन स्वतःच विकत घेतली. पुढे त्या राज्याने कायदा केला, की पार्क विकण्यापूर्वी मालकाने रहिवाशांना साठ दिवसांची नोटीस द्यावी, म्हणजे त्यांना पैसे उभे करायला अवधी मिळेल. आज त्या एका राज्यात शंभराहून अधिक पार्क रहिवाशांच्या मालकीचे आहेत. २००८ मध्ये स्थापन झालेली ‘रॉक यूएसए’ ही संस्था हेच काम देशभर करते आणि तिच्याशी जोडलेल्या वसाहती तीनशेच्या वर गेल्या आहेत.

कारभार सोपा आहे. प्रत्येक घराने छोटी रक्कम भरून सभासद व्हायचं. एका घराला एक मत. जमिनीसाठी काढलेलं कर्ज भाड्यातून फेडायचं आणि भाडं किती, हे सभासदांनी वार्षिक सभेत ठरवायचं. सुरुवातीला भाडं थोडं वाढतंही, कारण कर्जाचा हप्ता असतो आणि मालकाने दुर्लक्षिलेले जुने नळ, जुनी गटारं बदलावी लागतात. पण वाढ का होते ते सगळ्यांना दिसतं आणि तिचा पैसा वसाहतीतच राहतो. कुणी आपल्याला उठवील ही भीती गेली, की माणसं घराला ओसरी काढतात, झाडं लावतात, छप्पर दुरुस्त करतात. बँकाही मग कर्ज द्यायला पुढे येतात.

आपण काय घ्यायचं

भारतात घराच्या कारखान्याचा विचार स्वातंत्र्याबरोबरच आला. फाळणीच्या निर्वासितांसाठी दिल्लीत सरकारी गृहनिर्मितीचा कारखाना उभारला गेला. वास्तुशास्त्रज्ञ ऑटो केनिग्सबर्गर त्याचे प्रवर्तक होते. पण भिंतींच्या तयार फळ्यांना तडे जाऊ लागले, बोभाटा झाला आणि १९५१ मध्ये केनिग्सबर्गर देश सोडून गेले. तो कारखाना पुढे दुसऱ्या रूपात चालू राहिला, तरी तयार घराबद्दलचा अविश्वास बराच काळ राहिला. आज साहित्य आणि तंत्र दोन्ही बदललं आहे. पफ पॅनल, हलकं पोलाद, तयार न्हाणीघर हे सगळं इथेच बनतं. बांधकामाच्या साइटवर, शेतावर, रस्त्याच्या कामांवर अशी घरं रोज दिसतात.

महाराष्ट्रात असं घर घेऊ पाहणाऱ्याने काही गोष्टी आधी तपासाव्यात. विदर्भ-मराठवाड्याच्या उन्हात उघडा पत्रा असह्य तापतो, म्हणून भिंती आणि छपरातल्या उष्णतारोधक थराची जाडी लेखी घ्यावी. कोकणात खारी हवा पोलाद खाते, तेव्हा गंजरोधक रंगाचा आणि त्याच्या देखभालीचा खर्च धरावा. कोकणच्या किनाऱ्यावर वादळ-वाऱ्यासाठी घर काँक्रीटच्या पायाला बोल्टने आवळलेलं असावं. चाळीस फुटी ट्रेलर गावच्या वळणावरून आणि विजेच्या तारांखालून जाईल का, हायड्रा क्रेन प्लॉटपर्यंत पोचेल का, हे ऑर्डर देण्यापूर्वी स्वतः बघून यावं. सांगितलेल्या किमतीत वाहतूक, क्रेन, पाया, शोषखड्डा आणि वीजजोडणी धरलेली आहे का, हेही विचारावं. यातलं बरंचसं जाहिरातीतल्या आकड्याबाहेर असतं.

घर उचलून नेता येतं, म्हणून परवानगी लागत नाही, असं समजून चालू नये. शेतकरी नसलेल्याला महाराष्ट्रात शेतजमीन सहजासहजी विकत घेता येत नाही, आणि शेतजमिनीवर राहतं घर उभं करायचं तर त्याचेही नियम आहेत. सात-बारा, बिगरशेतीची स्थिती आणि स्थानिक नियोजन प्राधिकरणाची परवानगी हे कागद घराच्या ऑर्डरआधी हातात असावेत. घराचा पैसा बुडाला तर सोसता येईल एखाद वेळी. जमिनीचा वाद मात्र पुढच्या पिढीपर्यंत जातो.

इथेच अमेरिकेच्या अनुभवाची गाठ आपल्याशी पडते. मुंबई-पुण्यातल्या हजारो इमारतींमध्ये फ्लॅट लोकांच्या नावावर आहेत, पण इमारतीखालची जमीन अजूनही बिल्डरच्या किंवा मूळ मालकाच्या नावावर आहे. १९६३ च्या मोफा (महाराष्ट्र सदनिका मालकी) कायद्याने जमिनीचं अभिहस्तांतरण गृहनिर्माण संस्थेच्या नावे करणं बिल्डरवर बंधनकारक केलं, तरी पुष्कळांनी ते टाळलं. म्हणून २००८ च्या दुरुस्तीने मानीव अभिहस्तांतरणाची, म्हणजे बिल्डरच्या सहकार्याविना जमीन संस्थेच्या नावे करण्याची, सोय करावी लागली. पुनर्विकासाची वेळ आली, की ज्या सोसायटीने हे काम केलेलं नसतं तिला आपण किती अडचणीत आहोत ते कळतं. फ्लोरिडातल्या पार्कमधला वृद्ध आणि अंधेरीच्या जुन्या इमारतीतला सभासद यांची कोंडी एकाच जातीची आहे: भिंतींचे मालक ते, जमिनीचा मालक दुसरा.

म्हणून स्वस्त घरांच्या कोणत्याही योजनेत क्रम उलटा असायला हवा. आधी जमीन, मग घर. सरकारने, नगरपालिकांनी किंवा सहकारी संस्थांनी दीर्घ मुदतीच्या, लेखी आणि न मोडता येणाऱ्या हक्काने जागा दिली, तर ऊसतोड कामगारांच्या गावातल्या कुटुंबांना, औद्योगिक वसाहतींतल्या मजुरांना, पुरात आणि दरडीत घर गमावलेल्यांना कारखान्यात बनलेलं घर महिन्याभरात देता येईल. सहकाराची घडी बसवण्याचा अनुभव महाराष्ट्राकडे भरपूर आहे. साखर, दूध आणि गृहनिर्माण या तिन्ही क्षेत्रांत आपण तो घेतला आहे. तेच शहाणपण तयार घरांच्या वसाहतींना लावलं, तर स्वस्त घर खऱ्या अर्थाने स्वस्त राहील. जमिनीचा हक्क पक्का न करता नुसती घरं वाटली, तर आज स्वस्त मिळालेल्या घराची किंमत तीच कुटुंबं उद्या भाड्याच्या रूपाने दामदुपटीने मोजतील.